अकरावी-बारावीचं विज्ञान-गणित ऑनलाइन शिकवायचंय? शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी कॉलेज आहे, विज्ञान शाखा आहे, पण गणिताचं किंवा भौतिकशास्त्राचं पद रिकामं आहे, ही परिस्थिती अनेकांना ओळखीची असेल. अशा ठिकाणी दुसऱ्या गावातला शिक्षक ऑनलाइन शिकवतो. काही कॉलेजं सीईटी-जेईईचे जादा तास ऑनलाइन घेतात. हे पान त्या शिक्षकांसाठी आणि त्यांना तयार करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः भौतिकशास्त्र आणि गणिताची आहेत, कारण आमचा अनुभव तिथला आहे.

वर्गात वर्षानुवर्षं शिकवलंय. ऑनलाइनसाठी वेगळी तयारी कशाला?

विषयाची तयारी तुमच्याकडे आहेच. वर्गात तुम्हाला न मागता मिळणारी एक गोष्ट ऑनलाइन मिळत नाही, तयारी तिची करायची आहे. बाकांमधून फिरताना तुम्ही सहज वहीत डोकावता आणि तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलेलं दिसतं. शेवटच्या बाकावरची दोघं शेजारच्याची वही बघून उतरवताहेत, तेही कळतं. एखादीने पेन खाली ठेवलंय म्हणजे ती अडकली आहे किंवा तिचं झालं आहे. यातलं काय ते तिच्या चेहऱ्यावरून समजतं. पडद्यावर यातलं काहीच दिसत नाही. तुमचा आवाज तिकडे पोचतो, तिकडून इकडे फारसं काही येत नाही.

खालच्या वर्गांत चूक बहुधा उत्तरात दिसते. अकरावी-बारावीत उत्तर बरोबर आणि विचार चुकलेला, असं सर्रास घडतं. मुलाला सूत्र पाठ असतं, किमती घालता येतात, आणि त्या सूत्राला आधार काय हे ठाऊक नसतं. म्हणून या वर्गांना ऑनलाइन शिकवणाऱ्याच्या तयारीत आम्ही एकच गोष्ट केंद्रस्थानी ठेवतो: मुलाच्या वहीत काय चाललंय ते आपल्याला दिसलं पाहिजे. कॅमेरा कुठला, ॲप कुठलं, हे प्रश्न त्यानंतरचे.

सामान काय लागतं?

फार काही नाही. लॅपटॉप किंवा बरा मोबाईल, कानाला लावायचा माइक असलेला हेडफोन, आणि हाताने लिहिण्याची सोय. लिहिण्यासाठी पेन टॅब्लेट घ्या. मोबाईलपेक्षा तो बराच स्वस्त मिळतो. आठवडाभर अक्षर वाकडं येतं, मग हात बसतो. तोही नको असेल तर मोबाईल स्टँडला आडवा लावून खाली कोऱ्या कागदावर जाड पेनाने लिहा. कित्येक अनुभवी शिक्षकांना हेच जास्त सोयीचं जातं.

पैसे खर्चायचे तर आधी आवाजावर खर्चा. चित्र धूसर असलं तर मुलं चालवून घेतात, आवाज तुटला की तास सोडून जातात. वीज गेली तर राउटर चालू राहील एवढा बॅकअप ठेवा. तुमचं कनेक्शन तुटलं तर पुढची दहा मिनिटं मुलांनी काय सोडवायचं, ते तास सुरू होतानाच ग्रुपवर टाकून ठेवा.

तास किती वेळाचा असावा?

शिक्षण मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्यात नववी ते बारावीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त चार सत्रं सांगितली होती. करोनाचा काळ सरला तरी ही मर्यादा शहाणपणाची आहे. आमच्या मते बारावीच्या गणिताला ४० मिनिटं पुरेत, आणि त्यातली निम्मी मुलांच्या हातात पेन असलेली हवीत.

रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंचा हिशेब वेगळा आहे. एडएक्स या ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांमधली ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासून २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थ्यांनी तो सलग पाहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांच्या पुढे जात नाही, असं त्यात आढळलं. तयार स्लाइड दाखवण्यापेक्षा हाताने लिहीत समजावलेले व्हिडिओ मुलं जास्त पाहतात, हेही त्यातच दिसलं. म्हणजे फळ्यावर लिहीत शिकवण्याची तुमची जुनी सवय इथे कामाची आहे. लांबलचक डेरिव्हेशन, म्हणजे सूत्राची सिद्धता, असेल तर दोन-तीन तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी असा प्रश्न ठेवा, ज्याचं उत्तर कागदावर लिहिल्याशिवाय पुढचा तुकडा समजणार नाही.

डेरिव्हेशन ऑनलाइन कशी शिकवायची? मुलं नुसती उतरवून घेतात.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि खरी कसोटी इथेच आहे. म्हणून एक उदाहरण पूर्ण सांगतो.

बालभारतीच्या बारावीच्या भौतिकशास्त्राचं पहिलंच प्रकरण रोटेशनल डायनॅमिक्स. त्यात वळणावरच्या रस्त्याचं बँकिंग येतं, म्हणजे बाहेरची कड उंच करून रस्ता थीटा कोनात कलता ठेवणं. घर्षण नाही असं धरलं तर गाडीवर दोनच बलं: खाली वजन एमजी, आणि रस्त्याला लंब असलेलं नॉर्मल बल एन. एन कॉस थीटा = एमजी. एन साइन थीटा = एमव्ही वर्ग भागिले आर. दोन्हींचा भागाकार केला की टॅन थीटा = व्ही वर्ग भागिले आरजी. पाच ओळींत संपतं. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, गुण मिळतात.

आता विचारा: एन हे गाडीच्या वजनापेक्षा मोठं की लहान? वर्गातली बरीच मुलं ‘लहान’ म्हणतील. कारण उतरत्या फळीवरच्या ठोकळ्यासाठी एन = एमजी कॉस थीटा हे आधीपासून डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि चित्र तर तसंच दिसतं. कोन ३० अंशांचा असेल तर त्या सूत्राने एन वजनाच्या ०.८७ पट येतं. बँकिंगमध्ये ते १.१५ पट असतं. फरक त्वरणाच्या दिशेचा आहे. ठोकळा उताराच्या दिशेने घसरतो, फळीला लंब दिशेला त्याला त्वरण नाही, म्हणून तिथे लंब दिशेची बलं जुळवायची. गाडीचं त्वरण आडवं आहे, वर्तुळाच्या मध्याकडे. तिला उभ्या दिशेला त्वरण नाही, म्हणून इथे उभी दिशा जुळवायची. ज्या मुलाला हे कळलं त्याला कोनिकल पेंड्युलम (आडव्या वर्तुळात फिरणारा दोलक) वेगळा शिकवावा लागत नाही.

ऑनलाइन तासात हे असं घ्या. डेरिव्हेशन सुरू करण्याआधी थांबा. सगळ्यांना कोऱ्या पानावर गाडी आणि तिच्यावरची बलं काढायला सांगा, सूत्र एकही नको. चार मिनिटं द्या. पानाचा फोटो फक्त तुम्हालाच पाठवायचा, ग्रुपवर नाही. आलेल्या फोटोंपैकी आठ-दहा पाहिलेत तरी चित्र स्पष्ट होतं: कोणी रस्त्याच्या दिशेने एक जादा बल काढलेलं असतं, कोणी सेंट्रिपेटल नावाचं तिसरंच बल मध्याकडे दाखवलेलं असतं. यातल्या दोन आकृत्या तुमच्या हाताने, नाव न सांगता, पडद्यावर पुन्हा काढा आणि यातली कुठली बरोबर, का, हे मुलांना बोलू द्या. मग डेरिव्हेशन लिहा. त्यासाठी आता पाच मिनिटं पुरतात. शेवटी प्रत्येकाकडून एकच वाक्य घ्या: उभी दिशाच का जुळवली?

यात पंधरा-वीस मिनिटं जातात आणि ‘पोर्शन कसा संपणार’ ही भीती वाटते. मूळ कल्पना एकदा बसली की त्याच प्रकरणातली पुढची गणितं झरझर होतात. एवढा वेळ प्रत्येक डेरिव्हेशनला देता येणार नाही, द्यायचीही गरज नाही. प्रकरणात एक-दोनच जागा अशा असतात जिथे मुलं हमखास घसरतात. त्या ओळखणं हीच विषयशिक्षकाची जमेची बाजू, आणि प्रशिक्षणातला सगळ्यात मोलाचा वेळ त्या जागांची यादी करण्यात गेला पाहिजे.

पडद्यावर लिहिताना काय सांभाळायचं?

फळ्यावर वरची ओळ तास संपेपर्यंत दिसत राहते, पडद्यावर ती सरकून जाते. दिलेली माहिती आणि आकृती एका कोपऱ्यात कायम दिसू द्या. तयार ओळी एकदम उमटवू नका, हाताच्या वेगाने लिहा. मुलंही त्याच वेगाने विचार करतात.

आणि बोलण्यात अचूक राहा. ‘रूट एक्स अधिक एक’ म्हटलं की मोबाईलवर नुसतं ऐकणाऱ्या मुलाला एक हा मुळाच्या आत आहे की बाहेर ते कळत नाही. ‘वर्गमुळाच्या आत एक्स अधिक एक’ असं म्हणा. रेंज नसल्यामुळे फक्त आवाज ऐकणारी मुलं असतात, दृष्टी अधू असलेली मुलं असतात. त्यांचा तास या एका सवयीवर अवलंबून असतो.

मुलं कॅमेरा लावत नाहीत. सक्ती करावी का?

करू नये. एका खोलीचं घर, मागे स्वयंपाक चाललेला, धाकटं भावंड रडतंय, मोबाईलचा रोजचा डेटा संपत आलेला. अशा मुलावर कॅमेऱ्याची सक्ती म्हणजे त्याला तासातून घालवणं. शिवाय चेहरा दिसला म्हणून गणित समजलं की नाही ते कळत नाही. कॅमेरा हवा तर वहीवर लावायला सांगा.

‘समजलं का?’ हा प्रश्न मात्र सोडून द्या. त्याचं उत्तर नेहमी ‘हो सर’, ‘हो मॅडम’ असंच येतं. त्याऐवजी असं विचारा ज्याचं उत्तर खोटं देता येणार नाही: पुढची ओळ काय येईल? हे चिन्ह ऋण का झालं? त्रिज्या दुप्पट केली तर वेग किती पट? आणि विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्ग तपासले, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात असं तिला दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली. ऑनलाइन आवाज पोचायला वेळ लागतो, माइक उघडायला वेळ लागतो, मूल आधीच बुजलेलं असतं. दहा सेकंदांची शांतता सोसायला शिका. ती जड वाटते, पण त्याच दहा सेकंदांत मुलं विचार करत असतात.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून वापरलेली एक पद्धत ऑनलाइन छान चालते. एक बहुपर्यायी प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर नोंदवायचं, मग दोघा-तिघांच्या गटात एकमेकांना पटवायचं आणि पुन्हा उत्तर नोंदवायचं. पोलची सोय आता बहुतेक ॲपमध्ये असते. पहिल्या फेरीत साधारण अर्धी मुलं चुकतील असा प्रश्न निवडता येणं, हे या पद्धतीतलं खरं कसब. सगळ्यांना येणारा किंवा कोणालाच न येणारा प्रश्न चर्चेला काही देत नाही.

प्रॅक्टिकलचं काय?

बोर्डात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राला लेखी ७० आणि प्रॅक्टिकल ३० अशी गुणविभागणी आहे. पण गुण बाजूला ठेवले तरी स्पष्ट सांगतो: प्रयोगशाळेला ऑनलाइन पर्याय नाही. टायट्रेशनचा फिका गुलाबी रंग नेमका कुठल्या थेंबाला आला, व्हर्नियरची कुठली रेघ जुळली, हे हाताने आणि डोळ्यानेच शिकायचं असतं. ऑनलाइन वर्ग चालवणाऱ्या कॉलेजने प्रॅक्टिकल सलग काही दिवस प्रत्यक्ष घ्यावीत आणि ऑनलाइन तासांत त्यांची आधीची तयारी व नंतरचा हिशेब करावा.

त्या तयारीला साधनं चांगली आहेत. अमृता विश्व विद्यापीठम् आणि सी-डॅक मुंबई यांनी मिळून बनवलेल्या ‘ओलॅब्स’वर नववी ते बारावीचे प्रयोग आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ प्रकल्प नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्यातली बरीच सिम्युलेशन मराठीतही उघडतात आणि विद्युत परिपथासाठी ती उत्तम आहेत. सिम्युलेशन नुसतं दाखवू नका. आधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या, मग चालवा, मग अंदाज का चुकला ते लिहायला लावा.

काही प्रयोग घरीही खऱ्या अर्थाने होतात. एक मीटर दोरा आणि एक वजन घेतलं की साधा दोलक तयार. त्याचा आवर्तकाल जवळपास २ सेकंद येतो. एकाच आंदोलनाची वेळ मोबाईलच्या स्टॉपवॉचवर घेतली आणि बोटाला ०.२ सेकंदांची चूक झाली तर आवर्तकालात १० टक्के आणि त्यावरून काढलेल्या जी च्या (गुरुत्व त्वरणाच्या) किमतीत सुमारे २० टक्के चूक होते. वीस आंदोलनं मोजली तर तीच ०.२ सेकंदांची चूक ४० सेकंदांत वाटली जाते आणि जी मधली चूक एका टक्क्यावर येते. ‘वीस आंदोलनं घ्या’ ही जर्नलमधली सूचना मुलं वर्षानुवर्षं कारण न कळता पाळतात. घरी दोन्ही प्रकारे मोजून पाहिलं की कारण त्यांना स्वतःच सापडतं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप मोबाईलमधले सेन्सर वापरून त्वरण, ध्वनी, चुंबकीय क्षेत्र मोजतं. तेही जरूर वापरून पाहा.

रसायनशास्त्राचे प्रयोग घरी करायला सांगू नका. आम्ल-अल्कली घरी हाताळायला लावणं धोक्याचं आहे.

मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजीत शिकवलेलं विज्ञान ऑनलाइन ऐकतात. त्यांचं कसं?

बोलणं मराठीत, लिहिणं इंग्रजीत, हा साधा नियम चालतो आणि तो चोरून पाळायची गरज नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकावर येते. पहिले दोन-तीन महिने तिची अडचण विषयाची नसते, वाक्याची असते. वर्गात ती शेजारणीला विचारून भागवते. ऑनलाइन शेजारीण नसते. त्यामुळे पहिल्या सहामाहीत प्रत्येक तासाआधी त्या दिवशी लागणारे आठ-दहा शब्द मराठी अर्थासह पाठवा, आणि गणित सोडवण्याआधी ‘प्रश्नात दिलंय काय, विचारलंय काय’ हे मुलांकडून मराठीत सांगून घ्या. न्युमरिकल चुकण्याचं अर्ध कारण तिथेच सापडतं.

मुलांना हेही ठाऊक असू द्या की २०२१ पासून जेईई मेन मराठीतही देता येते, वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षाही मराठीत आहे. एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राला मराठीचा पर्याय आहे, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो. भाषा कुठली निवडायची हा निर्णय अकरावीच्या सुरुवातीला घेतलेला बरा, फॉर्म भरताना नव्हे.

ऑनलाइन परीक्षेत मुलं कॉपी करतात. उपाय?

पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका. घरच्या चाचणीतून मुलाला आणि तुम्हाला कळायला हवं की कुठे अडतंय. त्या चाचणीला गुणांचं वजन फार देऊ नका, म्हणजे कॉपीची गरजच उरत नाही. मोठी परीक्षा प्रत्यक्ष कॉलेजात, हाताने लिहून घ्या.

तरी ऑनलाइन मूल्यमापन करायचंच असेल तर तोंडी परीक्षेसारखं दुसरं साधन नाही. मुलाने सोडवलेल्या गणिताचा फोटो समोर ठेवायचा आणि तीन मिनिटं बोलायचं: ही ओळ का आली? इथे प्रतिस्थापन दुसरं घेतलं असतं तर? उतरवलेलं गणित लगेच उघडं पडतं, आणि उतरवलेलं नसेल तर मूल खुलून बोलतं. एका तासात सगळा वर्ग होत नाही. आठवड्याला काही जणं घेतलीत तर सहामाहीत सगळ्यांची पाळी येते.

सीईटीची तयारी निराळी. गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, प्रत्येकी २ गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सुमारे २० टक्के भर अकरावीवर, ८० टक्के बारावीवर. तो सराव संगणकावर, घड्याळ लावूनच व्हायला हवा. बोर्डाच्या पेपरला पायऱ्या लिहाव्या लागतात आणि सीईटीला वेग लागतो, हे दोन सराव एकाच तासात मिसळू नका.

चॅटबॉटकडून मुलं सगळी उत्तरं आणतात.

आणणारच. म्हणून ‘गणित सोडवून पाठवा’ या गृहपाठाला आता फारसा अर्थ उरलेला नाही. मुद्दाम एक चूक ठेवलेलं सोडवलेलं गणित द्या आणि चूक कुठल्या ओळीत, ती का झाली असेल, हे तासात बोलायला लावा. प्रश्न मुलांनाच तयार करायला सांगणं हाही चांगला मार्ग आहे.

ज्यांच्याकडे नेट धड नाही त्या मुलांचं काय?

योजना त्यांच्यापासूनच सुरू करा. तुमचा तास सगळ्यात कमकुवत फोनवर चालला पाहिजे. वर्ग सुरू करण्याआधी प्रत्येक मुलाला फोन करून विचारा: मोबाईल कोणाचा, तो घरी किती वाजता येतो, रेंज कुठे मिळते? वडिलांचा फोन संध्याकाळी सातला घरी येत असेल तर सकाळी दहाच्या तासाला ते मूल कधीच नसणार. हजेरीपटावर ते ‘गैरहजर’ दिसेल, पण ती चूक वेळापत्रकाची आहे.

तासानंतर पडद्यावर लिहिलेल्या पानांची पीडीएफ आणि पाच-सात मिनिटांचा आवाज, एवढं पाठवलं तरी पूर्ण रेकॉर्डिंगच्या मानाने अगदी थोड्या डेटात काम भागतं. आठवड्यातून दोनदा साध्या फोनवर डाउट विचारण्याची वेळ ठेवा. आणि कॉलेजची संगणक-खोली संध्याकाळी उघडी ठेवण्यासाठी प्राचार्यांच्या मागे लागा. तिचा उपयोग कुठल्याही नव्या ॲपपेक्षा जास्त होतो.

यूट्यूबवर नामांकित शिक्षकांचे तास फुकट आहेत. मग आमची गरज काय?

समजावून सांगण्यापुरती कदाचित कमी. तो व्हिडिओ तुमच्यापेक्षा सरस असेल तर खुशाल पाहायला सांगा. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधले जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी २००७ च्या सुमारास हेच केलं. व्याख्यान घरी पाहायचं आणि वर्गाचा वेळ गणितं सोडवायला आणि अडचणींना द्यायचा. व्हिडिओतल्या शिक्षकाला तुमच्या मुलीची वही दिसत नाही. तिने बँकिंगमध्ये एमजीचे घटक का पाडले, हे तिला विचारणारं कोणीतरी असावं लागतं. ते तुम्ही आहात.

एका ऑनलाइन वर्गात किती मुलं असावीत?

ऐकवायचंच असेल तर पाचशेही चालतील. शिकवायचं असेल तर तीस-चाळीसच्या पुढे एका शिक्षकाला वह्या पाहणं झेपत नाही. संस्थाचालकांना ही गोष्ट पटवणं अवघड जातं, कारण ऑनलाइन म्हणजे बाकांची मर्यादा नाही असा समज असतो. मुलं जास्त असतील तर जोडीला वह्या पाहणारा माणूस द्या. विषयात एमएस्सी करणारे विद्यार्थी हे काम चांगलं करू शकतात.

इतर देशांत हे कसं चालतं?

अमेरिकेत शाळेतच महाविद्यालयीन पातळीचे विषय शिकवणारा ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ कार्यक्रम १९५० च्या दशकापासून आहे. लहान गावांतल्या शाळांना हे विषय शिकवणारा शिक्षक मिळत नाही, आणि तिथे आभासी शाळा उपयोगी पडतात. फ्लोरिडाची सरकारी आभासी शाळा १९९७ पासून चालते. अमेरिकेतल्या व्यवस्थेतली एक गोष्ट आपण जशीच्या तशी उचलावी. मिशिगन राज्यात ऑनलाइन विषय घेणाऱ्या मुलाला त्याच्या स्वतःच्या शाळेतला एक मार्गदर्शक नेमून दिलेला असतो. तो विषय शिकवत नाही. मूल तासाला बसतंय ना, मागे पडतंय का, घरी काही अडचण आहे का, एवढं पाहतो. तालुक्याच्या कॉलेजातले ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक किंवा दुसऱ्या विषयाचे शिक्षक हे काम करू शकतात. दूरवर बसलेल्या शिक्षकाने त्यांच्याशी दर आठवड्याला बोलायला हवं.

रेकॉर्डिंग आणि मुलांचे फोन नंबर याबाबत काय काळजी घ्यावी?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती मागितली आहे. तुमची जवळपास सगळी मुलं या वयातली आहेत. वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांची लेखी संमती घ्या. रेकॉर्डिंगमध्ये मुलांचे चेहरे आणि नावं नकोत, आणि ते वर्गाबाहेर जाऊ नये.

व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. मुलींना नको ते मेसेज येण्याची सुरुवात इथून होते. फक्त शिक्षकच लिहू शकतील आणि नंबर दिसणार नाहीत अशी सोय वापरा. मुलीने तक्रार केली तर त्याच दिवशी दखल घ्या. एकट्या मुलाशी किंवा मुलीशी बोलायचं तर कॉलेजला माहीत असलेल्या वेळेत बोला.

प्रशिक्षण कुठे मिळेल?

सरकारी मार्गांपैकी ‘दीक्षा’ हा शालेय शिक्षणाचा ऑनलाइन मंच सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. ‘निष्ठा’ या सरकारी शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचे माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शिक्षकांसाठीचे ऑनलाइन भाग त्यावरच झाले. ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर अकरावी-बारावीचे विषय आहेत आणि शालेय वर्गांसाठी त्याचं समन्वयन एनसीईआरटी करते. स्वयंचा साचा शिक्षकाने निदान एकदा विद्यार्थी होऊन अनुभवावा: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वतःची चाचणी आणि चर्चा, असे त्याचे चार भाग असतात. मुंबईत मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून विज्ञान-गणिताच्या शिक्षणावर काम करतं, ऑलिंपियाडही तिथूनच चालतात. मुलं कुठे आणि का चुकतात यावर त्यांनी केलेलं काम वाचण्यासारखं आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने शिक्षकांना वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे.

हे सगळं करा. तरी यातलं बहुतेक प्रशिक्षण सर्व विषयांना एकत्र दिलं जातं. बारावीचं समाकलन ऑनलाइन कसं शिकवायचं याचं उत्तर तिथे मिळत नाही. त्यासाठी एकाच विषयाच्या चार-पाच शिक्षकांनी गट करावा, वेगवेगळ्या कॉलेजांतले असले तर आणखी उत्तम. एका प्रकरणातली अडायची जागा सगळ्यांनी मिळून निवडावी, त्या वीस मिनिटांची तयारी एकत्र करावी, एकाने खऱ्या मुलांना तास घ्यावा आणि इतरांनी कॅमेरा-माइक बंद ठेवून पाहावा. पाहायचं शिक्षकाला नाही, मुलांकडून आलेले फोटो आणि उत्तरं पाहायची. नंतरच्या चर्चेत ‘तुमचा तास छान झाला’ याला जागा नाही. बोलायचं ते असं: अमुक मुलीने दुसऱ्या ओळीत हे लिहिलं, तिच्या मनात काय असेल? बीएडच्या सूक्ष्म अध्यापनाची आठवण होईल, पण तिथे समोर सहकारी विद्यार्थी बनून बसत, इथे खरी मुलं आहेत. सहा-आठ आठवडे असं केलं की नवखा शिक्षकसुद्धा एकट्याने वर्ग सांभाळायला तयार होतो. नुसती व्याख्यानं ऐकून तशी तयारी झालेली आम्ही पाहिलेली नाही.

तासाबाहेर किती वेळ जातो? कॉलेज त्याची दखल घेत नाही.

पहिल्या वर्षी एका ऑनलाइन तासामागे तयारी आणि वह्या पाहणं मिळून निदान तासाइतकाच वेळ लागतो. दुसऱ्या वर्षी प्रश्न तयार असतात, चुकांची यादी हाताशी असते, म्हणून तयारी कमी होते. वह्यांचा वेळ कमी होत नाही आणि होऊही नये. प्राचार्यांना आमची विनंती आहे की वह्या आणि फोटो तपासण्याची वेळ शिक्षकाच्या वेळापत्रकात कार्यभार म्हणून लिहून दाखवावी. प्रॅक्टिकलच्या बॅचेस जशा मोजतो तशाच याही मोजाव्यात. ऑनलाइन शिकवणाऱ्या शिक्षकाला उरलेल्या वेळात बदली तास आणि परीक्षा विभागाची कामं लावली, तर सगळ्यात आधी वह्या पाहणं बंद होतं.